चेक इंजिनचा दिवा आणि पी०३०४ : थंड इंजिनातच दिसणाऱ्या दोषाच्या नोंदी

११ डिसेंबर

गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, १.६ लिटरची, टर्बो नसलेली आहे; इंधन इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते आणि आत येणारी हवा मॅफ सेन्सरने मोजली जाते. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन मिसिंग मारते, नंतर सुरळीत चालते. याच दिव्यासाठी पूर्वी एका वर्कशॉपमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन मोजणारा) बदलून ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, नोंदलेले दोषांचे कोड पुसण्यात आले होते. त्या वेळच्या बिलावर ‘पी०१७१, सेन्सर बदलला’ एवढेच लिहिले आहे. काही आठवड्यांतच दिवा परत आला.

या कामासाठी पहिला नियम असा ठरवला आहे की, स्कॅनरमध्ये, म्हणजे ईसीयूमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रात, दिसणारी प्रत्येक गोष्ट उतरवून घेतल्याशिवाय कोड पुसायचा नाही. कोड पुसण्याच्या आज्ञेबरोबर, म्हणजे मोड ०४ बरोबर, केवळ कोड जात नाही. फ्रीझ फ्रेम (दोष नोंदला गेला त्या क्षणाची साठवलेली वाचने) जाते, ईसीयूने स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे निकाल जातात आणि रेडिनेस मॉनिटर (कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या याची नोंद) पुन्हा ‘अपूर्ण’ होतात. मागच्या वेळी हीच माहिती कोठे नोंदवली गेली नाही, आणि म्हणून आज सगळे पहिल्यापासून करावे लागत आहे.

१२ डिसेंबर

स्कॅनर जोडला, पण त्याचा दिवाच लागला नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचे धन टोक आणि ४ व ५ क्रमांकांच्या पिनांवर ग्राउंड असते. मल्टिमीटरने १६ आणि ४ यांच्यामध्ये शून्य व्होल्ट आले. १६ आणि ५ यांच्यामध्येही शून्यच, म्हणजे ग्राउंड तुटलेले नसून पुरवठाच नव्हता. फ्यूजच्या आकृतीत पाहिले तेव्हा हा पुरवठा मोबाइल चार्जिंगच्या १२ व्होल्टच्या सॉकेटबरोबर एकाच फ्यूजवर असल्याचे दिसले, आणि तो फ्यूज उडालेला होता. तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवल्यावर १२.४ व्होल्ट मिळाले. अनेक गाड्यांमध्ये ही जोडणी अशीच असते, त्यामुळे ‘स्कॅनर खराब आहे’ किंवा ‘ईसीयू गेला’ असे ठरवण्याआधी हा फ्यूज अवश्य पाहावा.

हा सॉकेट आणि त्यावरची प्रमाणित कोडपद्धती अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व मोटारींना, तर युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना २००४ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या गाड्यांमध्ये कोड वाचण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते; त्यांना या नोंदींचा फारसा उपयोग होणार नाही.

आज मिळालेले वाचन पुढीलप्रमाणे आहे. मोड ०३, म्हणजे निश्चित झालेले कोड : पी०३०४. मोड ०७, म्हणजे अजून निश्चित न झालेले, प्रलंबित कोड : पी०१७१. मोड ०ए, म्हणजे कायमस्वरूपी कोड : पी०३०४. हा तिसरा प्रकार स्कॅनरने पुसता येत नाही आणि बॅटरी सोडवल्यानेही जात नाही. दोष उरला नाही अशी ईसीयूची स्वतःची खात्री झाली तरच तो जातो.

पी०३०४ मध्ये ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरबॉक्सचा विभाग, पहिला शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायरचा (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटण्याचा, म्हणजेच मिसिंगचा) गट, आणि शेवटचे ०४ म्हणजे चौथा सिलिंडर. या कोडमध्ये कॉइलचा, प्लगचा किंवा इंजेक्टरचा कोठेही उल्लेख नाही. चौथ्या सिलिंडरच्या स्फोटाच्या वेळी क्रँकशाफ्टला जेवढी गती मिळायला हवी होती तेवढी वारंवार मिळाली नाही, एवढेच ईसीयूने मोजले आहे. पी०१७१ चेही तसेच आहे. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी आहे, आणि ते भरून काढण्यासाठी इंधन वाढवण्याची ठरावीक मर्यादा ओलांडली गेली, असे तो सांगतो. मिश्रण पातळ का झाले हे तो सांगत नाही. कोड म्हणजे नापास झालेल्या चाचणीचे नाव असते, बिघडलेल्या भागाचे नसते. ऑक्सिजन सेन्सरने मिश्रण पातळ असल्याची खरी साक्ष दिली आणि त्या साक्षीदारालाच बदलण्यात आले, असा मागच्या दुरुस्तीचा अर्थ होतो.

फ्रीझ फ्रेम वाचून वहीत उतरवली. प्रत्येक फ्रेमबरोबर ती कोणत्या कोडमुळे साठवली गेली हेही येते. ही फ्रेम पी०३०४ ची आहे. इंजिन फेरे ११८० प्रति मिनिट, वेग शून्य, लोड २७.८ टक्के, कूलंट ३८ अंश सेल्सिअस, अल्पकालीन फ्यूएल ट्रिम (ईसीयू त्या क्षणी इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो तो आकडा) +१७.२ टक्के, दीर्घकालीन फ्यूएल ट्रिम (तसाच, पण शिकून साठवलेला आकडा) +१०.९ टक्के, इंजिन सुरू झाल्यापासूनचा काळ १ मिनिट १२ सेकंद, इंधन नियंत्रण क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनानुसार इंधन सतत दुरुस्त होत असताना.

१३ डिसेंबर

मोड ०६ वाचायचा होता. त्यात ईसीयूने घेतलेल्या प्रत्येक चाचणीचा आकडा आणि त्याची मर्यादा असते, आणि मिसफायरच्या बाबतीत तर प्रत्येक सिलिंडरची वेगळी मोजणी मिळते. स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवर हे जमले नाही. कोड तो नीट दाखवत होता, पण मोड ०६ ची उत्तरे लांब असतात, अनेक तुकड्यांत येतात आणि हा अडॅप्टर ते तुकडे अर्धवट टाकून देत होता. ॲप वारंवार बदलून पाहण्यात संध्याकाळ गेली. शेवटी मित्राकडून तारेने जोडला जाणारा चांगला स्कॅनर आणला. केवळ कोड वाचायचा असेल तर स्वस्त अडॅप्टर पुरतो. निदान करायचे असेल तर मोड ०६ व्यवस्थित दाखवणाऱ्या साधनावरच पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मिसफायर मॉनिटरचे क्रमांक सिलिंडरनुसार ए२, ए३, ए४ आणि ए५ असे आहेत. प्रत्येकात ०बी ही मागच्या दहा ड्रायव्हिंग सायकलींची (इंजिन सुरू करून, गाडी चालवून बंद करेपर्यंतचा एक फेरा) भारित सरासरी आणि ०सी ही चालू किंवा शेवटच्या सायकलची मोजणी असते. पहिल्या तीन सिलिंडरांची सरासरी शून्य ते दोन आहे, चौथ्याची ६४. इंजिन गरम असताना बरेच अंतर चालवूनही चौथ्याच्या ०सी मध्ये भर पडली नाही.

१५ डिसेंबर

चौथ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची चौथ्यावर लावली. स्पार्क प्लगही तिसऱ्या आणि चौथ्याचे अदलाबदल केले. दोन्ही भाग एकाच सिलिंडरबरोबर बदलले असते तर दोष हलल्यावर तो नेमका कोणत्या भागाबरोबर गेला हे कळले नसते, म्हणून दिशा वेगवेगळ्या ठेवल्या. प्लग बाहेर असतानाच कम्प्रेशन मोजून घेतले : चारही सिलिंडर १२ ते १२.५ बारच्या दरम्यान आहेत. व्हॉल्व्ह आणि रिंग यांच्याविषयीची काळजी मिटली.

१६ डिसेंबर

सकाळी थंड इंजिन सुरू केले. मिसिंग होतेच, आणि मोजणी चौथ्याच सिलिंडरवर वाढली. कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष ठरले. नवे भाग आणण्याचा खर्च वाचला. फेरे जरा वाढवताच दिवा काही क्षण लुकलुकला, तेव्हा लगेच इंजिन बंद केले. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांतला फरक गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. लुकलुकणे म्हणजे मिसफायर इतका तीव्र आहे की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळत आहे आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, आणि लुकलुकणे थांबत नसेल तर गाडी पुढे नेऊ नये. कन्व्हर्टरची किंमत या इंजिनावरच्या बहुतेक सेन्सरांपेक्षा कितीतरी अधिक असते.

१८ डिसेंबर

आता प्रश्न कार्यकारणाचा होता. मिश्रण पातळ असल्यामुळे मिसफायर होत आहे, की मिसफायरमुळे मिश्रण पातळ दिसत आहे? सिलिंडरमध्ये स्फोट झाला नाही की त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो आणि सेन्सरला तो दिसतो. इंधन न जळता गेले हे सेन्सरला कळत नाही. म्हणजे केवळ मिसफायरनेही ट्रिम वाढू शकते. हा गुंता सोडवण्यासाठी मिसफायर अजिबात होत नसताना, म्हणजे इंजिन पूर्ण गरम असताना, ट्रिम पाहिली. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) दोन्ही ट्रिमांची बेरीज +७ टक्क्यांच्या आसपास, आणि २५०० फेऱ्यांवर +१.६.

हा क्रम बोलका आहे. कोठून तरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर आयडलवर, जेव्हा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या संचात) निर्वात सर्वांत जास्त आणि एकूण हवा सर्वांत कमी असते, तेव्हा त्या चोरट्या हवेचे प्रमाण मोठे ठरते. फेरे वाढले की ते प्रमाण घटते. उलट इंधनाचा पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर कमी पडत असेल, तर लोड वाढेल तशी ट्रिम वाढत जाते. येथे ती घटत आहे, म्हणून इंजेक्टर काढून तपासण्याचे काम मागे ठेवले आणि हवेची गळती शोधायची ठरवली. ज्वालाग्राही स्प्रे चालू इंजिनावर मारून गळती शोधण्याची रीत सर्रास वापरली जाते, पण तापलेल्या एक्झॉस्टजवळ ती मला धोक्याची वाटते. त्याऐवजी इनटेकमध्ये धूर सोडून तो कोठून बाहेर येतो हे दाखवणारे धुराचे यंत्र एका दिवसासाठी भाड्याने मिळते.

२० डिसेंबर

धुराची चाचणी अयशस्वी ठरली. गाडी चालवून आणून लगेच इनटेक बंद केला आणि अगदी कमी दाबाने धूर सोडला. मॅफ सेन्सरनंतरचा रबरी पाइप, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट, इंजेक्टरांच्या रबरी रिंगा, मॅनिफोल्डची संपूर्ण कड, कोठेही धूर दिसला नाही. यंत्राचे भाडे गेले आणि दिवसही गेला. आता मॅफ सेन्सरच कमी हवा दाखवत असेल, ही शंका मनात बळावली होती. गरम आयडलवर तो १.७ ग्रॅम प्रति सेकंद दाखवतो, जे या आकाराच्या इंजिनाला शोभणारे आहे. तरीही नवा सेन्सर लावून पाहावा का, या विचारापर्यंत आलो होतो.

२१ डिसेंबर

वहीतली फ्रीझ फ्रेम पुन्हा शांतपणे वाचली. कूलंट ३८ अंश, इंजिन सुरू होऊन ७२ सेकंद. दोष केव्हा घडतो याची वेळ ईसीयूने लिहून ठेवली आहे, आणि धुराची चाचणी मात्र ९० अंशांवरच्या इंजिनावर झाली. शिवाय ज्याने मिसफायर होतो असा दोष एकाच सिलिंडरपुरता आहे. मॅफ सेन्सर चुकीचा असता तर चारही सिलिंडरांचे मिश्रण सारखेच पातळ झाले असते. पी०३०४ आणि पी०१७१ वेगवेगळे वाचले तर दोन दोष वाटतात, आणि एकत्र वाचले तर चौथ्या सिलिंडरच्या इनटेक रनरजवळची (मॅनिफोल्डच्या त्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीजवळची), थंड असताना मोठी होणारी एकच गळती दिसते.

पडताळणी म्हणून सकाळच्या थंड सुरुवातीचे वाचन पहिल्या सेकंदापासून साठवले. क्लोज्ड लूप सुरू होताच अल्पकालीन ट्रिम +१५ च्या वर गेली, कूलंट ६० अंशांकडे जाताना उतरू लागली आणि पुढे ७५ अंशांपर्यंत जवळपास स्थिरावली. मिसिंगही त्याच सुमारास थांबले.

२३ डिसेंबर

धुराचे यंत्र पुन्हा एकदा आणले. गाडी रात्रभर उभी होती. इंजिन सुरू न करता चाचणी घेतली. चौथ्या रनरच्या खालच्या बाजूने, जेथे मॅनिफोल्ड सिलिंडर हेडला टेकतो तेथून, धुराची बारीक पण स्पष्ट रेघ निघाली. ती जागा वरून दिसत नाही. लांब दांड्याचा आरसा आणि टॉर्च लागला. सिलिंडरांचे क्रमांक कोणत्या टोकापासून मोजतात हे दुरुस्ती पुस्तिकेत आधी पाहून घेतले होते. या इंजिनात पहिला सिलिंडर टायमिंग चेनच्या बाजूला आणि चौथा गिअरबॉक्सच्या बाजूला आहे.

कारण समजण्यासारखे आहे. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा, हेड ॲल्युमिनियमचे, आणि मध्ये खाचेत बसणारे रबरी गॅस्केट. वर्षानुवर्षे तापून रबर कडक होते, त्याची लवचिकता जाते. थंडीत भाग आकुंचन पावले की उरणारी फट ते भरून काढू शकत नाही. गरम झाल्यावर सगळे प्रसरण पावून फट जवळजवळ मिटते.

२७ डिसेंबर

मॅनिफोल्ड उतरवला. बॅटरीची ऋण तार आधी काढली; या गाडीत कोड आणि ट्रिम दोन्ही बॅटरी काढल्यावरही टिकतात हे पुस्तिकेत पाहिले होते, पण अनेक गाड्यांत ते पुसले जातात, म्हणून नोंदी आधी पूर्ण असाव्यात. इंधनाचा दाब पुस्तिकेप्रमाणे उतरवून मगच फ्यूएल रेल सोडवली. मॅनिफोल्ड निघताच हेडच्या चारही तोंडांत स्वच्छ कापड कोंबले, कारण तेथे पडलेला एखादा वॉशर सरळ व्हॉल्व्हवर जातो.

चौथ्या तोंडाचे गॅस्केट नखाने दाबले तरी दबत नव्हते आणि खालच्या कडेला सपाट झाले होते. बाकीच्या तिघांत थोडी लवचिकता शिल्लक होती. मॅनिफोल्डची कड सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासली, वाकलेली नाही. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केला. धातूच्या पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला तर तीच नवी गळती ठरू शकते.

काम येथे अडले. पर्ज व्हॉल्व्हकडे (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारी प्लास्टिकची नळी इतकी ठिसूळ झाली होती की क्लिप उघडतानाच तिचे टोक तुटले. जुन्या गाडीत हे काम काढणाऱ्यांनी गॅस्केटबरोबर ही नळीही आधीच मागवून ठेवावी. ती येईपर्यंत गाडी उघडी पडून राहिली. खर्चाचे म्हणावे तर गॅस्केटचा संच या संपूर्ण कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे. पूर्वी बदललेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या किमतीत असे अनेक संच आले असते.

२ जानेवारी

नळी आली. नवे गॅस्केट कोरडेच बसवले. त्यावर कोणताही सीलंट लावायचा नसतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळले. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डवर अंदाजाने जोर लावणे म्हणजे तडा ओढवून घेणे आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी थंड अवस्थेतच पुन्हा धूर सोडून पाहिला, कोठूनही आला नाही. त्यानंतर किल्ली फिरवून रेलमध्ये दाब भरू दिला आणि पेट्रोलची गळती नाही हे पाहिले.

कोड मुद्दाम पुसलेले नाहीत. ते पुसले असते तर दिवा लगेच विझला असता, परंतु दुरुस्ती खरी आहे की नाही याविषयी त्यातून काहीच कळले नसते.

३ जानेवारी

थंड सुरुवात, कूलंट १९ अंश. मिसिंग नाही. क्लोज्ड लूप सुरू होताच अल्पकालीन ट्रिम −९.४ वर गेली. प्रथमदर्शनी हे काळजीचे वाटेल, पण अपेक्षित हेच होते : ईसीयू अजून जुन्या शिकवणीनुसार +१०.९ टक्के जादा इंधन देत आहे, चोरटी हवा बंद झाल्यामुळे ते अतिरिक्त ठरत आहे, आणि अल्पकालीन ट्रिम ते तेवढेच कापत आहे. नंतरची भर : आठवडाभर चालवल्यावर दीर्घकालीन ट्रिम +१.६ वर स्थिरावली आणि अल्पकालीन शून्याभोवती फिरू लागली. या उताराची नोंद कोड पुसून टाकला असता तर मिळालीच नसती.

१० जानेवारी

दिवा आपोआप विझला. सर्वसाधारणपणे दोषाची चाचणी सलग तीन ड्रायव्हिंग सायकलींत उत्तीर्ण झाली की ईसीयू दिवा बंद करतो. मिसफायर आणि इंधन प्रणालीच्या कोडांना अट अधिक कडक असते : ज्या परिस्थितीत दोष नोंदला गेला तिच्यासारखीच परिस्थिती पुन्हा यावी लागते, म्हणजे फेरे ३७५ च्या फरकात, लोड २० टक्क्यांच्या फरकात आणि इंजिन त्याच तापमान-अवस्थेत, थंड किंवा गरम. मधल्या दिवसांत गाडी बहुधा गरम असतानाच वापरली गेली, म्हणून दिवा रेंगाळला. थंड गाडी सुरू करून ती काही मिनिटे जागेवरच आयडलवर ठेवू लागल्यावर तो गेला. दुरुस्तीनंतर दिवा विझत नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्यांनी आपल्या फ्रीझ फ्रेममधली परिस्थिती पुन्हा निर्माण होते आहे का, हे आधी पाहावे.

मोड ०ए मध्ये आता काही नाही. मोड ०३ मध्ये पी०३०४ अजून दिसतो, पण दिव्याची आज्ञा बंद आहे. तो इतिहास म्हणून राहतो आणि दोष परत न येता ४० वॉर्म-अप सायकली झाल्या की जातो. वॉर्म-अप सायकल म्हणजे कूलंट किमान २२ अंशांनी वाढून ७१ अंशांपर्यंत पोहोचणे. लांब प्रवासानंतर गाडी दहा मिनिटे थांबवून पुन्हा निघालो तर ती नवी सायकल धरली जात नाही.

१९ जानेवारी

मोड ०६ पुन्हा वाचला. चौथ्या सिलिंडरच्या ०सी मध्ये शून्य आहे. ०बी मात्र ६४ वरून १८ पर्यंतच उतरला आहे आणि पुढेही हळूहळूच उतरेल, कारण त्या सरासरीत प्रत्येक नव्या सायकलचे वजन एक दशांश असते. हा आकडा शून्य नाही म्हणून दोष शिल्लक आहे असा अर्थ काढू नये. तो उतरतो आहे की नाही, एवढेच पाहावे.

मिसफायरच्या काळात कन्व्हर्टरला इजा झाली का, हेही तपासले. गरम इंजिन २५०० फेऱ्यांवर धरले असता मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, ऑक्सिजन सेन्सरचे वाचन ०.६५ व्होल्टच्या जवळ स्थिर राहते. पुढच्या सेन्सरप्रमाणे ते ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान झुलत नाही, म्हणजे कन्व्हर्टर काम करत आहे. पी०४२० (कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा कोड) प्रलंबित नाही आणि कॅटॅलिस्टचा रेडिनेस मॉनिटर पूर्ण आहे. वर्कशॉपमध्ये बदललेला पुढचा ऑक्सिजन सेन्सर तसाच गाडीत आहे. जुना सेन्सर परत घेतलेला नव्हता, त्यामुळे तो चालू होता की नाही हे आता तपासता येणार नाही. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घेण्याची सूचना पुढच्या कामाच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिली आहे.